तू पुढे हो

आमच्या घरात सायकल म्हणजे चैन नव्हती आणि व्यायामही नव्हता. ती रोजी होती. सासऱ्यांचे साताऱ्यात भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. मी 1999 साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या धंद्याचे शेवटचे दिवस चालू होते. पूर्वी तासाला आठ आणे भाडे होते, असे अब्बा सांगत. बावीस सायकली, प्रत्येकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, आणि एक लांबट वही. वहीत नाव, नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. शाळांना सुटी लागली की दुकानापुढे पोरांची रांग लागे. बाजूला पाण्याचे घमेले. त्यात फुगवलेली ट्यूब दाबायची, बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे, जागेवर खूण करायची, कानशीने घासायचे, सोल्युशन लावून फुंकर मारायची आणि रबराचा तुकडा चिकटवून वर हातोडीने दोन ठोके. आमचे हे वयाच्या आठव्या वर्षापासून तेच करत आले.

बावीस सायकली असलेल्या या घरात एकाही बाईला सायकल येत नव्हती. सासूबाईंना नाही, दोन्ही नणंदांना नाही. कुणी बंदी घातली होती असेही नाही. तो प्रश्नच कधी निघाला नव्हता. मी डी.एड. होऊन आले होते आणि लगेच जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली. शाळा घरापासून सात किलोमीटर. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. अब्बांनी आठ दिवस माझी धावपळ पाहिली आणि एका शुक्रवारी दुपारी, दुकान बंद असताना, एक जुनी लेडीज सायकल मागच्या मैदानात काढली. स्वतः कॅरिअर धरून मागे धावले. साठीतला माणूस, दम लागे, पण सोडले नाही. अम्मींना ते पटले नाही. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवस अब्बांच्या चहात साखर तेवढी कमी पडत होती.

पुढे फार वर्षांनी मी पी. साईनाथ यांच्या पुस्तकात तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची हकीकत वाचली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर तिथल्या हजारो बायका सायकल शिकल्या, त्यांत मुसलमान मुलीही होत्या. वाचताना वाटले, तिथे जी चळवळ झाली ती आमच्याकडे एका म्हाताऱ्याने दुपारच्या झोपेच्या वेळात, कुणाला न सांगता केली.

धंदा मोटारसायकलींनी मोडला. भाड्याच्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या. 2020 साली, बरोबर जागतिक सायकल दिनी म्हणजे 3 जूनला, अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली. त्या बावीसांतल्या निम्म्या अॅटलस होत्या. यांनी बातमी दोनदा वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. गंमत अशी, की त्याच वर्षी, टाळेबंदीनंतर, दुकानाला पुन्हा गिऱ्हाईक लागले. आता येणारे मात्र निराळे. डॉक्टर, बँकेतले साहेब, लाखाची गिअरची सायकल गाडीच्या मागे बांधून आणणारे. हे आधी त्या सायकलींना हात लावायला बिचकत. मग रात्री मुलीच्या मोबाइलवर चित्रफिती पाहून डिस्क ब्रेक शिकले, डिरेलर शिकले. “छर्रे आणि ग्रीस तेच आहे. बाकी सगळी नावं आहेत,” असे त्यांचे मत झाले.

ग्रीसवरून आठवले. अशाच एका गिऱ्हाइकाने त्यांना डोंगरी सायकलिंगचा इतिहास सांगितला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात 1970 च्या दशकात काही तरुण जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या वाटेने खाली सुटायचे. मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक. उतारावर तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस नव्याने भरावे लागायचे. म्हणून 1976 साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नावच पडले ‘रीपॅक’. तो खेळ पुढे 1996 मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला. यांना ऑलिंपिकचे काही वाटले नाही. जळलेल्या ग्रीसचे मात्र फार आवडले. “म्हणजे हा मिस्त्री लोकांनी काढलेला खेळ आहे,” असे म्हणत महिनाभर येईल त्याला तो किस्सा ऐकवला.

2023 च्या पावसाळ्यात त्यांनी जुन्या बाजारातून एक सव्वीस इंची फ्रेम आणून माझ्यासाठी डोंगरी सायकल बांधली. स्वतःची आधीच बांधली होती. मी छेचाळीसची, हे एकोणपन्नासचे, मुलगी कॉलेजात. रोज पहाटे पाचला यवतेश्वरचा घाट. रविवारी पुढे कासपर्यंत, म्हणजे जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. पावसात त्या रस्त्यावर ढग अंगावरून जातात आणि पुढचे चाक तेवढे दिसते. सप्टेंबरात पठारावर सोनकी आणि तेरडा फुलला तेव्हा पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली, पण आम्ही त्या उठायच्या आत परत फिरलेलो असू. हेल्मेटच्या आत मी सुती स्कार्फ बांधते. घाम टिपायला त्याच्याइतके चांगले काही नाही, हे नंतर दोन-तीन बिगरमुस्लिम मैत्रिणींनीही मान्य केले आणि बांधू लागल्या.

शर्यती दोन केल्या, ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात. दोन्ही डोंगरउतारावर आखलेल्या पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांच्या. जांभ्याचे दगड, कारवीची झुडपे, मध्येच ओढ्याचा चिखल. डोंगरी शर्यतीत चढ मारतो, पण भीती उताराची असते. वजन मागे न्यायचे, ब्रेक पूर्ण दाबायचा नाही, नजर चाकाजवळ न ठेवता पुढच्या वळणावर ठेवायची. सांगायला सोपे आहे. पहिल्या शर्यतीत बायकांच्या गटात आम्ही चौघी होतो, बाकी तिघी विशीतल्या. पुरुषांना तीन बक्षिसे, बायकांना एक. कारण विचारले तर ‘एन्ट्रीच कमी येतात’ हे उत्तर. बक्षीस एकच ठेवल्यावर त्या वाढतील कशा, हे मी विचारले. आयोजक सज्जन होते, हसले. मी वीस वर्षे शाळेत शिकवते. असे हसू ओळखते.

त्याच शर्यतीत दुसऱ्या फेरीला माझी साखळी उतरली. हे मागून आले, थांबले, सायकल टाकून माझी साखळी चढवायला बसले. मार्शल ओरडला, की बाहेरची मदत चालणार नाही, सकाळीच सांगितले होते. यांना ते समजेना. “अहो, मंडळी आहे माझी,” असे त्यांनी त्याला समजावून सांगितले. दोघांचाही वेळ गेला. दुसऱ्या शर्यतीत मला ऐंशी टक्क्यांच्या नियमाने बाहेर काढले. पहिल्या स्पर्धकाच्या एका फेरीच्या वेळेच्या ऐंशी टक्क्यांइतके मागे पडलात की मैदान सोडायचे. आगेमागे होणाऱ्यांची गर्दी नको म्हणून तो नियम आहे, आणि योग्यच आहे. पण बाहेर बसून राहिलेल्या फेऱ्या पाहताना मनात आले, की जिथे दुसऱ्याच्या घड्याळाने माझा दिवस संपतो, ती जागा माझी नाही.

माझी जागा लांबच्या फेऱ्यांत निघाली. त्यांना ब्रेव्हे म्हणतात. 1904 साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या एका क्लबच्या नियमांनी त्या जगभर चालतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. एकाच मोसमात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, चारही पूर्ण केल्या तर ‘सुपर रँदोनेर’ म्हणतात. पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत या, एवढेच. हातात एक कार्ड, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का. रात्री दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. आणि मुख्य नियम असा, की शिक्क्याची ठिकाणे सोडून वाटेत घरच्यांची, गाडीची, कुणाचीही ठरवून आणलेली मदत घ्यायची नाही. दुकानातून विकत घ्या, दुसऱ्या सायकलस्वाराकडून घ्या.

यांनी त्याच सायकलींचे दातेरी टायर काढून गुळगुळीत टायर चढवले. हवा तिसावरून पासष्टवर नेली. आम्ही तयार झालो.

मोहल्ल्यात चर्चा होणारच. एका बुजुर्गांनी इमामसाहेबांना विचारले, की हौसेखातर सायकलवर फिरणाऱ्याला मुसाफिर म्हणायचे काय, आणि त्याने नमाज कसर करायची काय. त्यांना वाटत होते, उत्तर नाही येईल. इमामसाहेब म्हणाले, अंतर पाहायचे, वाहन आणि हौस पाहायची नाही. अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या इराद्याने बस्ती सोडली की मुसाफिर. “ये तो दो सौ जा रहे हैं,” असेही वर म्हणाले म्हणे. तेव्हापासून मोहल्ल्यातली पोरे यांना ‘मुसाफिरचाचा’ म्हणतात.

दोनशे डिसेंबरात, तीनशे जानेवारीच्या सुरुवातीला, चारशे जानेवारीच्या शेवटी. सगळे पुण्याहून. तिन्ही फेऱ्यांत हे माझ्यापुढे दहा फुटांवर राहिले. वारा समोरून असेल तर पुढच्याच्या आडोशाने मागच्याची बरीच ताकद वाचते. हे वारा खात, मी आडोसा खाई. चढावर ते पुढे जाऊन थांबत आणि मी पोचले की लगेच निघत. म्हणजे त्यांची विश्रांती व्हायची, माझी नाही. हे मी एकदा बोलून दाखवले. त्यांनी पुढच्या चढावर मी आल्यावर आणखी पाच मिनिटे थांबायला सुरुवात केली आणि त्यामुळे आम्हा दोघांनाही उशीर होऊ लागला. लग्नाला चोवीस वर्षे झालेल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

चारशेच्या रात्रीचा प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. पेठ नाक्याच्या पुढे, रात्री साडेबारा-एक. रस्त्याकडेला एक तरुण मुलगा मोबाइलच्या उजेडात ट्यूबशी झगडत बसला होता. पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. यांनी सायकल लावली, टायरच्या आतून बोट फिरवले आणि लोखंडी तारेचा केसाएवढा तुकडा काढून दाखवला. तो आत राहिला असता तर नवी ट्यूबही गेली असती. सहा मिनिटांत चाक तयार. तेवढ्यात आणखी दोघे येऊन थांबले होते. त्यांतला एक हसत म्हणाला, “काका, पंक्चर काढण्यात तुमच्या लोकांचा हात कोण धरणार!”

रस्ता रिकामा होता. दोन क्षण कुणी बोलले नाही. तो कौतुकाने म्हणाला असेल, नसेलही. हा शब्द आपल्याकडे कसा फेकला जातो ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी तो ऐकला आहे, माझ्या मुलीने कॉलेजच्या ग्रुपवर वाचला आहे. ज्या कामाने या घरातल्या तीन पिढ्या शिकल्या, त्याची शिवी करून परत आमच्याच हातात दिली जाते. माझे अंग तापले. हे हात पुसत म्हणाले, “धरणार ना, का नाही? इकडे बसा. तुमचं मागचं चाक काढा, आऊट आहे त्याला. दाखवतो.” आणि खरेच त्या दुसऱ्या मुलाला खाली बसवले, स्पोकची चावी त्याच्या हातात दिली, कुठली तार सैल करायची, कुठली आवळायची ते दाखवले. दहा मिनिटे गेली. निघताना म्हणाले, “वीस रुपये झाले.” त्याला कळेना हसावे की द्यावे. यांनी घेतले. शर्टाच्या खिशात ठेवले. पुढच्या टपरीवर त्यांचा आम्ही चहा प्यायलो. राग मला आला होता, त्यांना नाही, असे मी बरेच दिवस समजत होते. पण त्या नोटेबद्दल ते ज्या समाधानाने बोलतात, त्यावरून आता मला तशी खात्री नाही.

सहाशेची तारीख फेब्रुवारी 2024 मधली निवडली, कारण 12 मार्चपासून रोजे होते. पुणे ते संकेश्वरच्या पुढे आणि परत. शनिवारी पहाटे सहाला निघालो. खंबाटकीचा घाट उन्हाच्या आत चढलो. सातारा ते कागल महामार्ग सहापदरी करण्याचे काम चालू होते, त्यामुळे जागोजागी वळवलेला रस्ता, खडी आणि तोंडात धूळ. निपाणीपुढचा तवंदी घाट अंधारात. वळायच्या ठिकाणी रात्री दहा. परत कोल्हापुरात दोन वाजता पोचलो, एका लॉजवर अडीच तास पाठ टेकली आणि पाचला पुन्हा रस्त्यावर. किणीच्या टोलनाक्यापुढे एका पेट्रोल पंपावर फजर पढलो. कंबर वाकत नव्हती.

कराडच्या अलीकडे यांचा उजवा पाय फिरेना. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ. सीट अर्धा इंच खाली घेऊन पाहिली, मग वर घेतली. कोयनेच्या पुलाच्या आधी ते उतरलेच. सव्वादहा वाजले होते, 440 किलोमीटर झाले होते, 160 उरले होते, हातात पावणेबारा तास.

मी म्हटले, बसू या थोडे.

“नाही. मशीनचा आवाज ओळखतो मी,” ते म्हणाले. “हा छर्रा गेलाय. तू पुढे हो.”

“आणि तुम्ही?”

“टेंपो बघतो.”

त्यांनी स्वतःच्या सायकलवरची जादा ट्यूब, पंप आणि तो स्पोकचा किल्लीजोड माझ्या पिशवीत भरला. एका सायकलस्वाराने दुसऱ्याला दिलेले नियमात बसते, हेही बजावले. मग कोयनेकडे तोंड करून कठड्यावर बसले. मी निघाले तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले नाही. मीही नाही.

पुढे दहा फुटांवर कुणी नाही, असे पहिल्यांदा झाले. वारा समोरून होता आणि तो सगळा माझाच होता. उंब्रज, अतीत, नागठाणे. ट्रकच्या क्लीनरने हात केला की हसायचे की नाही, हे ठरवण्यात दहा किलोमीटर गेले. मग सोडून दिले. कॅडेन्स की काय म्हणतात ती पायांची लय मोजत राहिले. ती बिघडली नाही तर बाकी सगळे चालते.

साताऱ्याला दोन वाजून दहा मिनिटांनी आले. पूर्ण फेरीतले सर्वांत अवघड ठिकाण ते, घाट नव्हे. वाढे फाट्यापासून माझे घर चार किलोमीटर. माझी गादी, माझे न्हाणीघर. आणि फाट्यावर रिक्षा उभी होती. रिक्षाजवळ मुलगी, आणि मुलीच्या खांद्याला धरून अम्मी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. हातात स्टीलचा तीन पुड्यांचा डबा. हे सर्व्हिस रोडच्या पलीकडे, पानटपरीच्या सावलीत, एका पायावर भार देऊन उभे होते. जवळ आले नाहीत. नियम त्यांना पाठ होता.

मी ब्रेक दाबला. अम्मींनी डबा पुढे केला. “खिमा-पराठा है. खा ले पहले.”

मी सांगितले, की अम्मी, इथे शिक्का नाही, इथे घरचे चालत नाही.

“कौन देखता है?”

खरेच कुणी पाहत नव्हते. मागे-पुढे पाच किलोमीटरवर एकही सायकल नव्हती. कुणी पाहत नाही, हे या बाईने मला सांगावे, जिने पंचवीस वर्षे ‘लोग क्या देखेंगे’ एवढेच सांगितले, याचे मला त्या थकव्यातही हसू आले. मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे, माझ्या धुळीने भरलेल्या तोंडाकडे, मिठाचे पांढरे डाग पडलेल्या स्कार्फकडे नीट पाहिले. आता बोलणी बसणार, असे वाटले.

“तो फिर खड़ी कायकू है?” त्या म्हणाल्या. “जा ना.”

आनेवाडीच्या नाक्यावर केळी आणि ताक विकत घेतले. भुईंज, सुरूर. खंबाटकीचा बोगदा परतीच्या वाटेला लागतो. आतला आवाज म्हणजे कानावर पिंप आपटावे तसा, आणि बाहेर पडल्यावरचे उतरते वळण बदनाम आहे. डोंगरी शर्यतीत हरून शिकलेले तिथे उपयोगी पडले. वजन मागे, ब्रेक अर्धा, नजर वळणाच्या पलीकडे. शिरवळला दिवे लावले. खेड-शिवापूरनंतर पाय माझे नव्हते. रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी कार्डावर शेवटचा शिक्का पडला. एकोणचाळीस तास वीस मिनिटे. हे एसटीने मुलीला घेऊन आले होते. त्यांनी आधी माझे मागचे चाक हाताने फिरवून पाहिले, मग मला पाणी दिले.

यांचे 600 पुढच्या मोसमात, जानेवारी 2025 मध्ये झाले. ती फेरी त्यांनी एकट्याने केली, कारण माझी शाळेची तपासणी होती. माझ्यापेक्षा एक तास अकरा मिनिटे कमी लागली, आणि हे ते कुणालाही स्वतःहून सांगत नाहीत, मुलीकडून वदवून घेतात. दुकानात आता शुक्रवारी दुपारी मोहल्ल्यातल्या सहा बायका शिकायला येतात. अब्बांची ती लेडीज सायकल नवे छर्रे घालून त्यांच्यासाठी काढली आहे. कॅरिअर मी धरते, तीन जणी झाल्या की दम लागतो. बक्षिसाच्या प्रश्नावर त्या आयोजकांना मी दोनदा पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.

अम्मी अजून म्हणतात, की माझ्या त्या नियमापायी पाव किलो खिमा वाया गेला. तो वाया गेला नव्हता. मी आनेवाडीला पोचायच्या आत यांनी आणि मुलीने रिक्षातच तिन्ही पुडे रिकामे केले होते.